अर्धा आटा

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, वजनकाट्यामागच्या गल्लीत
‘मणेर पंप-नोझल’. पाटी अजून वडिलांच्या नावाची,
आत जुलेखा.

मी म्हणालो, पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरव.
शिंदेवाडीचा चढ ओढत नाही आता,
सिमेंटचे टँकरसुद्धा हॉर्न देऊन पुढे जातात.
ती म्हणाली, आधी गाडी बंद कर.
मग म्हणाली, नको. चालू राहू दे.

तिनं कान नाही लावला, तळहात ठेवला
रबरी होजवर, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा.
रेस दे.
दिली.
मागून काळा लोट. समोरच्या चहावाल्यानं
खारीच्या बरणीवर झाकण टाकलं.
‘हे तुझंच डिझेल. पैसे मोजून घेतलेलं,
न जळता वर चाललंय.
आणि तू म्हणतोस, अजून ओत.’

खडू घेतला. फरशीवर ऑईलचे डाग चुकवत
टर्बो काढला, कूलर काढला, मॅनिफोल्ड,
मॅनिफोल्डपासून पंपाच्या टोपीपर्यंत
करंगळीएवढी एक नळी.
टोपीखाली पडदा, पडद्याखाली स्प्रिंग.
‘हवा आली की पडदा दबतो, दबला की रॅक सरकतो,
सरकेल तेवढंच डिझेल.
पंगत बघून भाकरी थापतात ना, तसं.’
एवढं बोलून तिनंच नाक मुरडलं.
भाकरी तिच्या घरी तिचा नवरा थापतो.

मग टॉर्च मारला आणि गप्प झाली.
‘सील कुठाय?’

मी चहावाल्याकडे बघितलं.
वाकडला, रात्री, मोबाईल दातात धरून
तेरा नंबरचा पाना मीच लावला होता.
चार दिवस गाडी घोड्यासारखी पळाली, हे खरं.
पाचव्या दिवसापासून धूर.

ती रागावली नाही.
बिलांच्या गठ्ठ्यावरचा पिस्टन उचलून माझ्या हातात दिला.
जड होता. माथ्यावर भोक,
चिकूची बी जाईल एवढं,
कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
‘बाबांनी फिरवलेला आटा.
गिऱ्हाईक ऐकेना म्हणून.’
पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
पिस्टन परत जागेवर गेला,
खालची बिलं फडफडायची थांबली.

चोर भलतीकडेच सापडला.
कूलरच्या होजला पोटाखालून चीर,
बोटाला तेलकट ओल. फिल्टरमध्ये
चाकणच्या रस्त्याची सगळी धूळ.
माझी गाडी अशक्त नव्हती,
श्वास गळत होता तिचा,
आणि मी तिला जेवण वाढत होतो.

नवा होज, नवी क्लॅम्प. स्क्रू उलटा, जुन्या खुणेवर.
‘रिकाम्या गाडीवर टर्बो खोटं बोलतो,’ म्हणाली,
‘भरून आण.’

सोळा टन कास्टिंग भरून आलो.
काटा डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावून ती शेजारी बसली,
डबा मांडीवर. शिंदेवाडीला वळून
बोगद्याकडे तोंड केलं.
चौथा गिअर. पॉइंट चार. पॉइंट सात.
मी आरशात बघत होतो, धुरासाठी.
‘आरशात नको, काट्याकडे बघ.’
एक पूर्णांक एक. थांबला तिथेच,
वेस्टगेट उघडून जास्तीचं सोडून देत.
टँकर मागे पडला. मी हॉर्न दिला नाही.
खरं तर दिला. एकदाच.

परत आल्यावर तिनं तार ओवली, शिसं दाबलं.
आता तरी, मी म्हणालो, आता हवा पुरते,
आता अर्धा आटा?
‘टर्बोच्या तोंडाशी तापमानाचा काटा बसव.
महिनाभर चढावरचे आकडे लिहून आण.
मग बोलू.’

वही घेतली आहे. आठ पानं झाली.
रोज सकाळी पाणी बघताना
बोट त्या शिशावर जातं,
थोडं दाबून बघतं,
आणि बॉनेट बंद करतो.